कोड तुमच्या पैशाचा, मग वही दुसऱ्याच्या नावावर का?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण वेबसाइट किंवा अ‍ॅप करून घेताना डेव्हलपरशी काय काय ठरवून घ्यायचं ते पाहिलं. त्यात गिटचा विषय मी दोन मिनिटांत उरकला, कारण व्हिडिओ लांबत चालला होता. पण तो दोन मिनिटांचा विषय नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. चहा घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. ज्याने स्वतःच्या पैशाने सॉफ्टवेअर करून घेतलंय, मग ती पाच पानांची वेबसाइट असो की ऑर्डर घेणारं अ‍ॅप, त्याला ब्रँच म्हणजे काय, मर्ज म्हणजे काय आणि दोन माणसं एकाच कोडवर एकमेकांच्या पायात पाय न घालता कशी काम करतात, एवढं कळलंच पाहिजे. कोड लिहिता यायची गरज नाही. मलाही येत नाही. मी बीबीए केलंय आणि भांडी विकते. पण स्वतःच्या दुकानाचा हिशेब समजून घ्यायला आपण सीए होत नाही ना? तसंच हे.

"हे इंजिनिअर लोकांचं काम, आपल्याला काय करायचंय?" असं म्हणणारे मला क्लासमध्ये रोज भेटतात. मीही आधी तेच म्हणायचे. मग जे झालं ते ऐका.

अकरा दिवस आणि एक चुकीचा फोन

बार्शीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि माझे मिस्टर बघतो. २०२१ मध्ये आम्ही ऑनलाइन ऑर्डर घेणारी वेबसाइट करून घेतली. ओळखीतल्या एका मुलाने केली आणि चांगली केली. वर्षभराने त्याला पुण्यात नोकरी लागली. तो म्हणाला, "ताई, बारीकसारीक कामं मी रविवारी करून देईन, पण मोठ्या कामाला दुसरं कुणीतरी बघा." मी दुसरा डेव्हलपर लावला.

दिवाळीच्या तोंडावर दोन कामं एकदम निघाली. जड पार्सलला कुरिअर जास्त पैसे घेतं, म्हणून पाच किलोच्या वर वेगळा डिलिव्हरी चार्ज लावायचा होता. ते पहिल्या मुलाने एका रविवारी करून दिलं. दुसऱ्याकडे दिवाळी ऑफरचं पान होतं. त्याच्या लॅपटॉपवर वेबसाइटची जुनी कॉपी होती. त्याने त्यात ऑफर टाकली आणि बुधवारी अख्खं फोल्डर सर्व्हरवर चढवलं. सर्व्हरवर जे होतं त्याच्या डोक्यावर हे जाऊन बसलं. रविवारचं काम पुसलं गेलं.

कुणाच्याच लक्षात आलं नाही. अकरा दिवस पितळी हंडे, मोठे कुकर, लग्नाचे सेट, सगळं जुन्याच चार्जमध्ये गेलं. कुरिअरचं बिल हातात आलं तेव्हा माझे डोळे उघडले. मी लगेच पहिल्या मुलाला फोन लावला आणि नको ते बोलून बसले. "नोकरी लागली म्हणून आमचं काम कसंही उरकणार का तू?" तो परत परत सांगत होता, "ताई, मी केलं होतं. तुम्हाला चालवून पण दाखवलं होतं." माझ्याकडे पुरावा नव्हता आणि त्याच्याकडेही नव्हता.

खरं काय ते तीन आठवड्यांनी कळलं. दुसरा डेव्हलपर सहज बोलता बोलता म्हणाला, "मॅडम, मी नेहमी पूर्ण फोल्डरच चढवतो." मी पहिल्या मुलाला फोन करून माफी मागितली. तो "असू द्या ताई" म्हणाला. पण त्यानंतर त्याने आमचं एकही काम घेतलेलं नाही.

कुरिअरचे पैसे एका सीझनमध्ये भरून निघाले. हे दुसरं नुकसान अजून भरून निघालेलं नाही. आणि खरं सांगू? दोघांनीही मुद्दाम काही केलं नव्हतं. दोघंही कामाला चांगले. चूक कामाच्या पद्धतीत होती, आणि पद्धत ठरवणं हे मालकाचं काम असतं. म्हणजे माझं.

रोजमेळ माहीत आहे ना, मग गिट कळेल

गिट म्हणजे कोडची वही. सासऱ्यांच्या काळातला रोजमेळ आठवा. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर उलट नोंद टाकायची, पण जुनी नोंद दिसलीच पाहिजे. गिट असंच चालतं. प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात. कमिटमध्ये त्या क्षणी सगळ्या फायली कशा होत्या, बदल कुणी केला, कधी केला, कशासाठी केला आणि याच्या आधीची नोंद कोणती, हे सगळं असतं. प्रत्येक कमिटला आकडे आणि अक्षरं मिळून ४० खुणांचा एक क्रमांक मिळतो. तो आतल्या मजकुरावरूनच निघतो. त्यामुळे मागच्या एखाद्या नोंदीत कुणी गुपचूप हात घातला, तर तिथून पुढचे सगळे क्रमांक बदलतात आणि ज्यांच्याकडे वहीची प्रत आहे त्यांना ते कळतं. चुकीचा बदल मागे घ्यायचा असेल तर रिव्हर्ट करतात, म्हणजे आपली उलट नोंदच.

आता "डिस्ट्रिब्युटेड" हा शब्द. आधी सीव्हीएस, सबव्हर्जन अशी सॉफ्टवेअर होती. त्यात वही एका मुख्य कॉम्प्युटरवर असायची आणि नोंद करायची तर त्याच्याशी जोडलेलं असावं लागायचं. गिटमध्ये कामावर असलेल्या प्रत्येकाकडे साधारण अख्ख्या वहीची प्रत असते, पहिल्या पानापासून. याला क्लोन म्हणतात. नेट गेलं तरी तो आपल्या प्रतीत नोंद करतो, नेट आलं की सगळ्यांच्या वहीत पाठवतो. एकाचा लॅपटॉप चोरीला गेला तरी बाकीच्यांकडे वही आहे.

हे गिट आलं कुठून, ते आपल्या धंद्याच्या दृष्टीने ऐकण्यासारखं आहे. लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम जगभरातली माणसं मिळून बनवतात. २००२ पासून त्यांची वही बिटकीपर नावाच्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. कंपनीने ते लिनक्सवाल्यांना मोफत दिलं होतं. २००५ मध्ये वाद झाला आणि मोफत वापर बंद झाला. तेव्हा लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये स्वतःच गिट लिहायला घेतलं. काही दिवसांतच गिटचा कोड गिटमध्येच सांभाळला जाऊ लागला. जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटवर सांभाळून बाहेर पडली. आणि जुलैमध्ये टोरवाल्ड्स यांनी गिटची जबाबदारी ज्युनिओ हमानो यांच्याकडे सोपवली.

मला यात दोन गोष्टी दिसतात. दुसऱ्याने मोफत दिलेल्या जागेत आपली वही ठेवली, तर त्याचे नियम बदलले की आपण रस्त्यावर. आणि दुकान उभं करून चावी योग्य माणसाकडे देता आली, तर मालक पुढच्या कामाला मोकळा होतो.

ब्रँच : शटर नाही, डिपॉझिट नाही

ब्रँच म्हटलं की आपल्याला दुसऱ्या गावातलं दुकान आठवतं. डिपॉझिट, फर्निचर, विश्वासाचा माणूस. गिटमधली ब्रँच याच्या अगदी उलट, फुकटात पडते. आतून बघितलं तर ती नुसती एक चिठ्ठी असते. तिच्यावर एका कमिटचा ४० खुणांचा क्रमांक लिहिलेला असतो, बस. नवीन कमिट केलं की चिठ्ठीवरचा क्रमांक पुढे सरकतो. म्हणून ब्रँच काढायला क्षणही लागत नाही आणि ब्रँच टाकून दिली तरी मुख्य वहीला धक्का लागत नाही.

मुख्य ब्रँचला बहुतेक ठिकाणी मेन म्हणतात, जुन्या कामात मास्टर हे नाव दिसेल. माझ्या दुकानात नियम असा : मेन म्हणजे ग्राहकासमोरचं काउंटर. तिथे प्रयोग चालत नाहीत. दिवाळी ऑफर करायची आहे? "दिवाळी-ऑफर" नावाची ब्रँच काढा. डिलिव्हरी चार्ज बदलायचा आहे? त्याची वेगळी ब्रँच. दोघं आपापल्या ब्रँचवर काम करतात. एकाचं अर्धवट काम दुसऱ्याच्या मध्ये येत नाही आणि ग्राहकाला तर दिसतच नाही. ऑफर मनासारखी जमली नाही तर ती ब्रँच तशीच सोडून द्यायची. मालाच्या मागच्या खोलीत नवीन मांडणी करून बघितल्यासारखं आहे हे. जमलं तरच पुढे आणायचं.

नवीन धंदा करणाऱ्यांना हे विशेष सांगावंसं वाटतं. प्रयोग स्वस्त झाला की माणूस जास्त प्रयोग करतो. आमच्या वेबसाइटवर "जुनं भांडं द्या, नवं घ्या" हा प्रकार मी आधी वर्षभर टाळला होता, कारण काहीतरी बिघडेल ही भीती. ब्रँच समजल्यावर दोन आठवड्यांत करून बघितला.

मर्ज : दोन कॉपी पुरत नाहीत, तिसरी लागते

ब्रँचमधलं काम मेनमध्ये आणणं म्हणजे मर्ज. गिटची खरी कमाई इथे आहे, म्हणून जरा लक्ष देऊन वाचा.

समजा किमतींची फाइल आहे. त्यात कुकर १४५० आणि कढई ६२०. एका ब्रँचवर कुकर १५२५ केला. दुसऱ्या ब्रँचवर, फायलीत बऱ्याच खाली असलेल्या कढईची किंमत ६५० केली. आता तुमच्यासमोर दोन फायली ठेवल्या. एकीत कुकर १५२५, दुसरीत १४५०. यातली नवी किंमत कुठली? नुसतं बघून सांगता येणार नाही. भाव वाढला असेल किंवा उतरलाही असेल.

गिट इथे तिसरी कॉपी काढतं : दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या ती सामाईक जुनी नोंद. तिच्यात कुकर १४५०, कढई ६२०. आता सगळं स्पष्ट. पहिल्याने कुकर बदलला, दुसऱ्याने कुकरला हात लावलेला नाही, म्हणून १५२५ घ्यायचा. कढई दुसऱ्याने बदलली, म्हणून ६५० घ्यायची. दोघांचं काम राहिलं. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं नव्हतं. दुसऱ्या डेव्हलपरचं फोल्डर चढलं तेव्हा "ही फाइल त्याने बदललीच नाही, ती फक्त जुनी आहे" हे कुणी विचारलंच नाही.

आणि दोघांनी कुकरचीच ओळ बदलली असेल, एकाने १५२५ आणि दुसऱ्याने १४९९? मग गिट थांबतं. याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. फायलीत त्या जागी दोन्ही मजकूर एकाखाली एक मांडून ठेवतं आणि म्हणतं, तुम्ही ठरवा. अनेक जण कॉन्फ्लिक्ट म्हटलं की घाबरतात. मला तो गिटचा सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. कुकर कितीला विकायचा हा कोडचा प्रश्नच नाही, तो गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा प्रश्न आहे. म्हणून मी दोघांना सांगून ठेवलंय, किंमत, चार्ज किंवा ऑफर यांच्या ओळीत कॉन्फ्लिक्ट आला तर स्वतः ठरवायचं नाही, मला फोन करायचा.

आधी आणा, मग पाठवा

आपल्या प्रतीतलं काम सामाईक वहीत पाठवणं म्हणजे पुश. गिटचा इथे एक नियम आहे. तुम्ही मागची प्रत घेतल्यानंतर कुणी त्याच ब्रँचवर नवीन नोंद पाठवली असेल, तर तुमचं पुश नाकारलं जातं. आधी त्याची नोंद खाली आणा, तुमच्या कामात जोडून घ्या, मग पाठवा.

आमच्याकडे तेव्हा हा नियम असता तर बुधवारीच गिटने दुसऱ्या डेव्हलपरला अडवलं असतं. रविवारची नोंद तुझ्याकडे नाही, आधी ती घे. अकरा दिवसही गेले नसते आणि तो फोनही झाला नसता.

पण एक पळवाट आहे, फोर्स पुश. "मला माहीत नाही तिथे काय आहे, माझंच ठेव" असा तो हुकूम. स्वतःच्या ब्रँचवर डेव्हलपर तो कधी कधी योग्य कारणासाठी वापरतात. मेनवर मात्र बंदी. डेव्हलपरशी बोलताना हा एक शब्द जरी तुम्ही वापरलात ना, तरी समोरच्याला कळतं की मालक झोपलेला नाही.

पुल रिक्वेस्ट : काउंटरवर आणण्याआधी दाखवा

गिट आणि गिटहब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिट ही वही. गिटहब ही ती वही ठेवायची आणि चार जणांनी मिळून बघायची ऑनलाइन जागा. ती २००८ मध्ये सुरू झाली, २०१८ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे. गिटलॅब, बिटबकेट हीही अशीच ठिकाणं. छोट्या टीमला खाजगी वही ठेवायला गिटहबवर पैसे लागत नाहीत.

तिथे पुल रिक्वेस्ट नावाची सोय आहे, गिटलॅबवर तिलाच मर्ज रिक्वेस्ट म्हणतात. डेव्हलपर म्हणतो, माझ्या ब्रँचवर काम झालंय, बघा आणि मेनमध्ये घ्या. कुठली ओळ गेली, कुठली आली ते लाल-हिरव्या रंगात दिसतं. खाली चर्चा करता येते. सगळं लेखी राहतं.

मी कोड वाचत नाही, पण तीन गोष्टी बघते. पहिली, काय बदललं आणि का, हे डेव्हलपरने मला कळेल अशा मराठीत लिहिलंय का. दुसरी, मी सांगितलं तेवढंच बदललंय का. डिलिव्हरी चार्जच्या कामात पेमेंटच्या फायली दिसल्या तर मी विचारते. तिसरी, मला मोबाइलवर चालवून दाखवलं का. कोडची बाजू दुसरा डेव्हलपर बघतो. ज्याने लिहिलं त्यानेच पास केलं, असं होऊ देत नाही. गल्ला ज्याच्याकडे, त्यानेच रोकड मोजायची नाही, हा आपल्याकडचा जुनाच नियम आहे.

लिनक्सवाले हेच खूप मोठ्या प्रमाणावर करतात, आणि तेही मुख्यतः ईमेलवर. प्रत्येक विभागाला एक जबाबदार माणूस असतो. बदल आधी त्याच्याकडे जातात, तो तपासतो, मग टोरवाल्ड्स त्याच्याकडून घेतात. प्रत्येक आवृत्तीत सुरुवातीचे साधारण दोन आठवडे नवीन कामं घेतली जातात, त्यानंतर फक्त दुरुस्त्या. नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती. मी यावरून आमच्याकडे पाळी लावली आहे. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी पंधरा दिवस नवीन काही मेनमध्ये येणार नाही, फक्त दुरुस्ती.

ब्रँच म्हणजे उधारी

इथे माझं अनेक डेव्हलपर मंडळींशी पटत नाही. त्यांना वाटतं, ब्रँच फुकट आहे तर हवी तेवढी आणि हवी तितके दिवस ठेवा. मी म्हणते, ब्रँच काढणं फुकट आहे, ठेवणं फुकट नाही. उधारीसारखंच. द्यायला एक मिनिट. आठ दिवसांत मागितली तर मिळते. चार महिने राहिली की देणाराही विसरतो आणि घेणाराही.

आमच्याकडे "नवीन-डिझाइन" नावाची ब्रँच चार महिने चालली. तोवर मेनवर बरंच पाणी वाहून गेलं होतं. जोडायला बसले तर जागोजागी कॉन्फ्लिक्ट. शेवटी निम्मं काम टाकून द्यावं लागलं. आता आमचा नियम, ब्रँच एका आठवड्याच्या आत मेनमध्ये यायला हवी. मोठं काम असेल तर त्याचे तुकडे करा. पान आधी, मग बटण, मग पेमेंट. तुकडा लहान असला की तपासणाराही मन लावून तपासतो. हजार ओळी समोर आल्या की कुणीही "ठीक आहे" म्हणून मोकळा होतो.

गिट काय करत नाही

मी गिटची एजंट नाही, म्हणून हेही सांगते.

मर्ज न अडता झाला म्हणजे हिशेब बरोबर आला, असं नाही. एका ब्रँचवर किमतींच्या यादीत जीएसटी धरून भाव टाकले. दुसऱ्या ब्रँचवर बिलाच्या शेवटी जीएसटी लावणारी ओळ लिहिली. फायली वेगळ्या, कॉन्फ्लिक्ट नाही, मर्ज सुरळीत. आणि ग्राहकाला जीएसटी दोनदा! गिट ओळी जोडतं, अर्थ त्याला कळत नाही. म्हणून मर्जनंतर एक खोटी ऑर्डर टाकून बिल हाताने तपासा.

तुमच्या ऑर्डरी, ग्राहकांची यादी, स्टॉक हे सहसा डेटाबेसमध्ये असतं, गिटमध्ये नसतं. त्याचा बॅकअप वेगळा घ्या. एक्सेलची फाइल गिटमध्ये ठेवता येते, पण दोन जणांनी बदललेली एक्सेल ते ओळीओळीने जोडून देणार नाही.

पासवर्ड आणि पेमेंटच्या चाव्या वहीत लिहू देऊ नका. वही काहीच विसरत नाही हा तिचा गुण, तोच इथे दोष होतो. नंतर ओळ काढली तरी मागच्या नोंदीत ती राहते. असं झालंच तर ताबडतोब पासवर्ड बदला.

आणि कमिटवर जे नाव दिसतं ते ज्याने त्याने आपल्या कॉम्प्युटरवर टाकलेलं असतं. म्हणून प्रत्येकाचं गिटहब अकाउंट वेगळं हवं. एकच लॉगिन तिघांनी वापरलं तर "कुणी केलं" या प्रश्नाला परत उत्तर नाही.

"एवढ्याशा कामाला कशाला?"

डेव्हलपर हे म्हणेल. लहान कामात ब्रँच, पुल रिक्वेस्ट यात वेळ जातो, त्याचे पैसे तुम्हालाच पडतील. यात तथ्य आहे. फोन नंबर बदलायला दोन जणांची सही नको. एकटाच माणूस काम करत असेल तर पुल रिक्वेस्ट सोडून द्या, पण वही आणि ब्रँच सोडू नका. कारण आज एकटा असलेला माणूस उद्या नोकरीला लागतो, लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते, आजारी पडतो. दुसरा येतो तेव्हा त्याला पहिल्याची वही लागते.

"माझा डेव्हलपर विश्वासाचा आहे" हे दुसरं उत्तर मला नेहमी मिळतं. माझाही होता. आणि नोंद नव्हती म्हणून त्या विश्वासाच्या माणसावरच मी आरोप केला. वहीने मालकाचं रक्षण होतं तसंच काम करणाऱ्याचंही होतं. त्या मुलाच्या नावावर रविवारची एक नोंद असती तर त्याला माझ्यासमोर एक शब्द बोलावा लागला नसता.

आता मुख्य मागणी. वही तुमच्या नावावर हवी. गिटहबवर ऑर्गनायझेशन तुमच्या ईमेलने काढा, ओनर तुम्ही, टू-फॅक्टरचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर. डेव्हलपरला त्यात प्रवेश द्या, काम संपलं की काढून घ्या. सोबत कागदावरही लिहून घ्या. आपल्या कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे पगारी नोकराने नोकरीत केलेलं काम सहसा मालकाचं होतं. पण बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडचा हक्क, वेगळा करार नसेल तर, सहसा त्याच्याकडेच राहतो, तुम्ही पूर्ण पैसे दिले तरी. हक्क आपल्याकडे यायला लेखी करार लागतो. आधी करार, मग अ‍ॅडव्हान्स.

उद्या सकाळी डेव्हलपरला हे पाच प्रश्न विचारा :

१. आपला कोड गिटमध्ये आहे का, आणि ते अकाउंट कुणाच्या नावावर आहे?
२. मेनवर थेट बदल कोण करू शकतं? फोर्स पुश बंद आहे का?
३. सध्या किती ब्रँच उघड्या आहेत, आणि सगळ्यात जुनी कधीची?
४. सर्व्हरवर जे चालतंय ते मेनमधलंच आहे ना, की कुणी थेट चढवतं?
५. तू उद्या नसलास तर नवीन माणूस कुठून सुरुवात करेल?

पाचवा प्रश्न विचारताना आवाज चढवू नका. हसत विचारा. चांगला डेव्हलपर त्याचं उत्तर आनंदाने देतो, कारण त्यालाही रविवारचे फोन नको असतात.

पुढच्या व्हिडिओत गिटहबवर ऑर्गनायझेशन कसं काढायचं ते मोबाइलची स्क्रीन दाखवत सांगणार आहे. तोवर वही कुणाच्या नावावर आहे तेवढं बघून ठेवा. भेटूया.